इंग्लंडात ग्रॅव्हल सायकलिंग: कालव्याकाठचे, जंगलातले आणि खडूच्या डोंगरांवरचे रस्ते

इंग्लंडात नोकरीनिमित्त राहणारी आपली बरीच मंडळी 'सायकल टू वर्क' योजनेतून ग्रॅव्हल बाइक, म्हणजे डांबरी आणि कच्च्या अशा दोन्ही रस्त्यांवर चालणारी रुंद टायरची सायकल, घेतात. कर कापण्याआधीच्या पगारातून हप्ते जातात, त्यामुळे सायकल बरीच स्वस्त पडते. पुढे ती स्टेशन ते ऑफिस एवढ्यातच झिजते. रविवारी बाहेर काढावी तर न्यायची कुठे, हा प्रश्न असतो. ॲपवर 'ग्रॅव्हल रूट' शोधून निघालं की दहा किलोमीटरवर नांगरलेलं शेत नाहीतर कमरेइतकी खाजकुयलीसारखी नेटल आडवी येते.

याचं कारण असं की निव्वळ खडीचा लांबलचक रस्ता इथे फारसा नाहीच. इथलं ग्रॅव्हल म्हणजे कालव्याकाठची वाट, वनखात्याचा लाकूडतोडीचा रस्ता, दोन शेतांमधली जुनी गाडीवाट आणि डोंगरमाथ्यावरची खडूची पांढरी वाट, असे तुकडे. ते आपल्याला डांबरी गल्ल्यांनी जोडून घ्यावे लागतात. म्हणून माझ्या मते इथे दमसासापेक्षा दोन प्रश्न जास्त कामाचे: या वाटेवर सायकलला हक्क आहे का, आणि या महिन्यात इथली माती कशी असेल? ही दोन उत्तरं हाती असली की साध्या टायरवरही दिवस मजेत जातो.

हक्क कुठे आहे ते आधी बघा

इंग्लंड-वेल्समध्ये शेतांतून जाणाऱ्या सार्वजनिक वाटांचे चार प्रकार आहेत. फुटपाथ फक्त पायी चालणाऱ्यांसाठी. ब्राइडलवे मूळचा घोडेस्वारांचा, पण १९६८च्या कंट्रीसाइड ॲक्टने तिथे सायकलींनाही हक्क दिला. अट एवढीच, की चालणाऱ्यांना आणि घोड्यांना आधी वाट द्यायची. रिस्ट्रिक्टेड बायवेवर घोडागाडीही चालते, आणि बायवेवर मोटारीसुद्धा. सायकलला शेवटचे तिन्ही मोकळे आहेत.

प्रत्यक्ष वाटेवर हे ओळखायचं ते खांबावरच्या बाणाच्या रंगावरून. पिवळा बाण फुटपाथचा, निळा ब्राइडलवेचा, जांभळट रिस्ट्रिक्टेड बायवेचा आणि लाल बायवेचा. एवढं लक्षात राहिलं तरी निम्मं काम झालं. वाट कितीही रुंद, सपाट, मोहात पाडणारी असो, बाण पिवळा असेल तर उतरायचं आणि दुसरी वाट धरायची. तिथे सायकल चालवणं सहसा फौजदारी गुन्हा होत नाही, पण जमीनमालक तुम्हाला बाहेर काढू शकतो.

घरी बसून बघायचं तर ऑर्डनन्स सर्व्हे (ओएस) या सरकारी नकाशा संस्थेचा १:२५,००० चा एक्सप्लोरर नकाशा घ्या, नारिंगी कव्हरचा. त्यांच्या ॲपवरही तोच असतो. त्यात हिरव्या आखूड तुटक रेघा म्हणजे फुटपाथ आणि लांब तुटक रेघा म्हणजे ब्राइडलवे. फोनच्या पडद्यावर हा फरक पटकन दिसत नाही, तेव्हा झूम करून खात्री करा. काळ्या तुटक रेघेची वाट जमिनीवर असते, पण तिथे जायचा हक्क असेलच असं नाही.

कायद्यातली एक खोच नवख्यांना माहीत नसते. ब्राइडलवेवर सायकलला हक्क आहे, पण ती वाट सायकलजोगी ठेवण्याची जबाबदारी कोणावरही नाही. शेताच्या मधून जाणारा ब्राइडलवे शेतकरी नांगरूही शकतो, १४ दिवसांत तो पुन्हा वापरता येईल असा करून दिला म्हणजे झालं. त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शेताच्या मध्यातून जाणाऱ्या रेघा टाळा आणि बांधाने जाणाऱ्या धरा.

कालव्याकाठची वाट, म्हणजे टोपाथ, हा निराळा प्रकार. ती बहुतेक ठिकाणी सार्वजनिक हक्काची वाट नाही. २०१२ साली ब्रिटिश वॉटरवेजकडून कालवे हाती घेतलेल्या कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टच्या परवानगीने आपण तिथे सायकल चालवतो. पास लागत नाही, पैसे लागत नाहीत. पण चालणारा पहिला, हा नियम तिथे पक्का आहे.

माती आणि महिना

हे प्रकरण कोणी समजावून सांगत नाही, आणि हिवाळ्यातली बहुतेक राइड इथेच फसते.

दक्षिण इंग्लंडात सायकलवाल्याच्या दृष्टीने चार जमिनी महत्त्वाच्या. पहिली चिकणमाती: ऑक्सफर्डच्या भोवतालची सखल जमीन, आणि केंट-ससेक्समधला वील्डचा पट्टा. नोव्हेंबर ते मार्च इथल्या ब्राइडलवेंचा नाद सोडा. मराठवाड्यात पावसाळ्यात काळ्या रानातून सायकल काढलेल्याला वेगळं सांगायला नको: चाक दोन फेऱ्यांत जाडजूड होतं, फोर्कमध्ये गच्च अडकतं आणि सायकल खांद्यावर येते.

दुसरी खडूची जमीन: बर्कशर आणि विल्टशरचे डाउन्स (म्हणजे खडूच्या उघड्या टेकड्या), साउथ डाउन्स, चिल्टर्न. खडूतून पाणी झिरपून जातं, म्हणून चिखल कमी. पण ओल्या खडूवर पांढरा पातळ थर येतो आणि त्यावर टायर साबणावर ठेवल्यासारखा सरकतो. शिवाय खडूत गारगोटीचे तुकडे असतात. त्यांच्या कडा पात्यासारख्या. पाऊस पडून गेला की ते धुऊन वर येतात आणि टायरची बाजू चिरतात.

तिसरी ग्रीनसँड, म्हणजे वाळूची. सरे हिल्समधल्या लीथ हिल, होल्मबरी, पिच हिल या टेकड्या हिच्या. मोठ्या पावसानंतरही इथे दोन दिवसांत वाट कोरडी होते. जानेवारीत लंडनजवळ कुठे जावं असं कोणी विचारलं तर मी डोळे झाकून सरे हिल्स सांगतो. उन्हाळ्यात मात्र तिथेच वाळू भुसभुशीत होते आणि पुढचं चाक रुततं.

चौथी दक्षिण किनाऱ्याजवळच्या न्यू फॉरेस्ट या रानाची खडी. तिथले मुख्य जंगलरस्ते ठोकून पक्के केलेले आहेत, बारा महिने चालतात.

थोडक्यात वेळापत्रक असं: हिवाळ्यात न्यू फॉरेस्ट, सरे आणि पक्के टोपाथ, एप्रिलअखेरीपासून खडूचे डोंगर, चिकणमातीचा पट्टा फक्त कोरड्या उन्हाळ्यात. जून-जुलैत एक वेगळीच अडचण येते. अरुंद ब्राइडलवे नेटल आणि काटेरी ब्रँबलने बुजून जातात, तेव्हा रुंद वाटाच निवडा. पोटऱ्यांना नेटल लागली तर चुरचुर तासाभरात ओसरते, खाजवलं की वाढते.

मार्ग आखायची रीत

कोमूट किंवा तत्सम ॲपवर सुरुवात करायला हरकत नाही, पण त्याचं बोलणं शेवटचं मानू नका. मी आधी ट्रेनची दोन स्टेशनं ठरवतो, मधे लागणारा मोठा सलग तुकडा धरतो (कालवा, जंगल किंवा डोंगरमाथा) आणि मगच जोडरस्ते शोधतो. प्रत्येक कच्चा तुकडा ओएसच्या नकाशावर ताडून पाहतो. उपग्रहाच्या चित्रात वाट पांढरी किंवा करडी दिसली तर ती टणक असते. नुसती हिरवी दिसली तर गवत समजा. वाट डांबरी रस्त्याला मिळते तिथलं स्ट्रीट व्ह्यूही उघडून बघा. तिथे फाटक कसं आहे, बाण कोणत्या रंगाचा आहे, हे बऱ्याचदा दिसतं.

अंतराचा अंदाज घरच्या हिशेबाने करू नका. रोड बाइकवर ताशी २२-२४ किलोमीटर जाणारा माणूस इथल्या मिश्र वाटेवर १३-१५ने जातो. फाटकं उघडायची, लावायची, नकाशा बघायचा, घोड्यामागून चालत जायचं, यात वेळ जातो. पहिल्या वेळी ४० किलोमीटर पुष्कळ. डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो. जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो. दिवे मात्र बारा महिने ठेवा. अंधारात सार्वजनिक रस्त्यावर पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा कायद्याने लागतोच.

सायकल आणि सामान

टायर ४० ते ४५ मिलिमीटरचे, ट्यूबलेस. काटेरी कुंपणं हिवाळ्यात छाटतात आणि हॉथॉर्नचे काटे गल्लीभर पसरतात. ट्यूब असेल तर एका गल्लीत दोनदा पंक्चर. टायरमध्ये सीलंट, म्हणजे भोक आपोआप बुजवणारा द्रव, भरलेलं असेल तर काट्याचं भोक बुजून जातं, कळतही नाही. गारगोटीने चिरलं तर सीलंट पुरत नाही, म्हणून चिरेत खुपसायचे प्लग ठेवा आणि शेवटचा उपाय म्हणून एक ट्यूब. हवा कमी ठेवायला शिका: ७० किलोच्या माणसाला ४० मिलिमीटर टायरमध्ये पुढे ३० आणि मागे ३५ पीएसआयच्या आसपास पुरे.

गिअर हलके हवेत. डाउन्सचे चढ लहान, पण उभे असतात. मागची सर्वांत मोठी दातेरी चकती पुढच्या लहान चकतीएवढी किंवा तिच्याहून मोठी असली की गुडघे सुखी. एक घंटीही हवीच, आणि ती खणखणीत हवी.

खाण्याचं सामान घरून न्या. खेड्यातल्या पबचं स्वयंपाकघर दुपारी अडीच-तीननंतर बरेचदा बंद होतं, कॅफे चारला दिवे मालवतात आणि रविवारी दुकानाचा भरवसा नाही. चिक्की, राजगिऱ्याची वडी, दशमी-चटणी खिशात राहते आणि थंडीतही दगड होत नाही. इथली फ्लॅपजॅक म्हणजे ओट्स-लोणी-पाकाची वडीही उत्तम, पण दोन खाल्ल्या की चढावर पश्चात्ताप होतो.

पहिला मार्ग: केनेट अँड एव्हन कालवा, बाथ ते डिव्हायझेस

सुरुवात इथूनच करा. रेडिंग ते ब्रिस्टल असा ८७ मैलांचा हा जलमार्ग १८१० मध्ये पूर्ण झाला. रेल्वे आली, कालवा मोडकळीला आला आणि स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं खपून दुरुस्त केल्यावर १९९० मध्ये पुन्हा सुरू झाला. बाथ ते डिव्हायझेस हा भाग नॅशनल सायकल नेटवर्कच्या ४ क्रमांकाच्या मार्गात येतो आणि बहुतांश टणक आहे. अंतर साधारण ३३ किलोमीटर. चढ शेवटी एकच.

बाथ स्पा स्टेशनच्या मागे विडकोम्बला कालवा लागतो. शहराबाहेर पडेपर्यंत गर्दी असते, घाई करू नका. पुढे एव्हन नदीच्या खोऱ्यात जॉन रेनीने बांधलेले दोन जलसेतू लागतात, डंडस आणि एव्हनक्लिफ. नदीवरून पूल, पुलावरून कालवा, आणि कालव्यातून आरामात चाललेल्या नावा. एव्हनक्लिफला टोपाथ काठ बदलतो: सेतूखालून जाऊन पलीकडे वर यावं लागतं. पाटी चुकली तर सरळ पबच्या अंगणात पोचाल, त्यातही फार नुकसान नाही. ब्रॅडफर्ड ऑन एव्हनला मध्ययुगीन दगडी कोठार बघण्यासारखं आहे आणि स्टेशनही आहे. थकलेल्याने इथूनच परतावं.

टोपाथवर सर्वांत जपायचं ते पुलांखाली. वाट आकसते, वळते, पलीकडचं काही दिसत नाही आणि छत डोक्याला लागेल इतकं खाली येतं. पुलाच्या वीस-पंचवीस मीटर आधी घंटी द्या, चालण्याच्या वेगावर या आणि गरज पडली तर उतरा. जुन्या कालव्यांवर थांबलात तर पुलाच्या कोपऱ्यावरच्या दगडाला किंवा लोखंडी पट्टीला बोट लावून बघा. बोटभर खोल खाचा पडलेल्या असतात, एकाखाली एक. नावा ओढणाऱ्या घोड्यांचे दोर वर्षानुवर्षं घासून त्या पडल्या. आज आपण जिथून सायकल नेतो ती वाट त्या घोड्यांसाठी केलेली, म्हणूनच ती इतकी अरुंद आणि इतकी सपाट.

मासे पकडणाऱ्यांचे लांबच लांब कार्बनचे गळ वाटेवर आडवे पडलेले असतात. त्यावरून चाक गेलं तर भरपाई जड जाईल. दुरून हाक द्या, ते गळ मागे ओढून घेतात. नावांचे दोर आणि खुंट्याही बघून चला. हंस-बदकांची पिल्लं बरोबर असतील तर थांबा; ते बाजूला होणार नाहीत, तुम्हीच व्हायचं.

डिव्हायझेसच्या आधी केन हिल. दोन मैलांत २९ लॉक, त्यातले मधले १६ एका रांगेत डोंगर चढतात. लॉक म्हणजे दोन्ही बाजूंना दारं असलेला पाण्याचा हौद. नाव आत घ्यायची, खालचं दार लावायचं, वरून पाणी सोडायचं, नाव वर येते. सगळी रांग पार करायला नावेला पाच-सहा तास लागतात. सायकलवर दहा मिनिटांचा चढ. तरी तासभर थांबून एक नाव चढताना बघाच.

डिव्हायझेसला रेल्वे स्टेशन नाही, हे आधीच ध्यानात असू द्या. एक तर ब्रॅडफर्डला किंवा ट्रोब्रिजला मागे फिरा, नाहीतर कालव्याने पुढे प्यूझीपर्यंत सुमारे २० किलोमीटर जा. या भागात एकही लॉक नाही, पण वाट गवताची, अरुंद आणि ओबडधोबड आहे. कोरड्या दिवसात हीच पट्टी मला सर्वांत आवडते, पावसाळी दिवसात हिच्याकडे फिरकू नये.

ज्यांना छोटी फेरी हवी, मुलं बरोबर आहेत, त्यांनी बाथहून टू टनेल्सची वीसेक किलोमीटरची फेरी करावी. जुन्या रेल्वेमार्गावरचा कोम डाउन बोगदा १,६७२ मीटर लांब आहे, ब्रिटनमधला सायकलींचा सर्वांत लांब बोगदा. परत येताना डंडसवरून कालव्याने बाथला. ऐन उन्हाळ्यातही बोगद्यात गारठा असतो, जाकीट जवळ ठेवा.

दुसरा मार्ग: न्यू फॉरेस्ट

लंडनच्या वॉटर्लू स्टेशनहून ब्रॉकनहर्स्टला ट्रेनने दीड तास. विल्यम राजाने अकराव्या शतकात शिकारीसाठी राखलेलं हे रान २००५ पासून नॅशनल पार्क आहे. इथे खुणा केलेले १०० मैलांहून अधिक खडीचे रस्ते आहेत, चौकाचौकात आकडे टाकलेले लाकडी खांब आहेत, आणि नकाशावरही तेच आकडे. खुणा नसलेल्या वाटांवर सायकलला बंदी आहे आणि ती गांभीर्याने घ्यावी. जमिनीवर घरटी करणारे पक्षी तिथे असतात.

माझी आवडती फेरी ब्रॉकनहर्स्टहून राइनफील्डकडे, तिथून उंच डग्लस फर आणि रेडवूडच्या सावलीतून बोल्डरवूड, मग बर्ली, आणि तिथून जुन्या रेल्वेच्या सपाट मार्गावरून परत. दिवसभर पुरते. वाटेत पोनी मोकळ्या फिरतात. त्या रानटी दिसल्या तरी प्रत्येकीला मालक आहे. त्यांना खायला घालू नका, फोटोसाठी जवळ जाऊ नका, आणि मागून तर मुळीच जाऊ नका. रस्त्यातल्या लोखंडी जाळ्यांवरून सायकल काटकोनात आणि सरळ न्या. ओल्या जाळीवर वळण किंवा ब्रेक नको.

लाकूडतोड चालू असल्याची पाटी असेल तर रविवार असला तरी त्या रस्त्याने जायचं नाही. रचून ठेवलेले ओंडके घसरू शकतात.

तिसरा मार्ग: रिजवे

हा जरा सराव झाल्यावर. एव्हबरीजवळच्या ओव्हर्टन हिलपासून आयव्हिंगो बीकनपर्यंत ८७ मैलांची ही राष्ट्रीय पायवाट. तिचा पश्चिम अर्धा, थेम्सकाठच्या स्ट्रीटलीपर्यंत, सायकलला खुला आहे. नदीपलीकडे बराचसा फुटपाथ. खांबांवर ओकच्या फळाचं चिन्ह असतं.

स्विंडनला उतरून फॉक्सहिलजवळ वाट धरा आणि पूर्वेला गोरिंग अँड स्ट्रीटली स्टेशनपर्यंत या, पन्नास-पंचावन्न किलोमीटर. वारा बहुधा नैर्ऋत्येचा असतो, त्यामुळे ही दिशा फायद्याची. वाटेत वेलँड्स स्मिदी हे पाच हजार वर्षांहून जुनं थडगं आणि त्यानंतर अफिंग्टनचा पांढरा घोडा. तो सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी डोंगरउतारावर चर खणून, त्यात खडू ठासून काढलेला आहे, लांबी ११० मीटरच्या आसपास. डोंगरावर उभं राहून पूर्ण घोडा दिसत नाही. अख्खा बघायचा तर खालच्या खोऱ्यातून.

अडचणी तीन. पाणी जवळजवळ कुठेच नाही, दोन लिटर घेऊन निघा. सावली नाही. आणि गाड्यांच्या चाकोऱ्या खोल आहेत: दोन चाकोऱ्यांच्या मधल्या उंचवट्यावर चालवा, नजर चार-पाच मीटर पुढे ठेवा. चाक चाकोरीत गेलंच तर झटक्याने बाहेर काढू नका, तसंच पुढे जाऊ द्या. पाऊस पडून चोवीस तास झाले नसतील तर बेत पुढे ढकला.

गोरिंगला पोचूनही जोर उरला असेल तर पूर्वेला बीचच्या जंगलांतून स्टोक रोला जा. तिथे काशीच्या महाराजांनी गावाला दिलेली, १८६४ मध्ये खुली झालेली विहीर आहे, ३६८ फूट खोल, वर सोनेरी कळसाची छत्री. ऑक्सफर्डशरच्या खेड्यात ती छत्री बघून आपल्याकडचा माणूस दोन मिनिटं गोंधळतोच.

घोडे, गाई, फाटकं, ट्रेन

घोडा दिसला की दुरूनच 'हॅलो' म्हणा. माणसाचा आवाज आला की घोडा बिचकत नाही, अचानक कानाशी घंटी वाजली की बिचकतो. स्वाराने खूण केल्यावर, उजवीकडून, भरपूर अंतर ठेवून, सावकाश पुढे जा. गाईंबरोबर वासरं असतील तर कळपाच्या मधून जाऊ नका. फाटक जसं सापडलं तसं ठेवा: लावलेलं असेल तर लावा, उघडं टाकलेलं असेल तर उघडंच राहू द्या, जनावरांना पाण्याकडे जायला ते मुद्दाम उघडं ठेवलेलं असू शकतं.

ग्रेट वेस्टर्नच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांत सायकलची जागा मोजकी असते, तिकिटाबरोबर आरक्षण करा, पैसे पडत नाहीत. तिथे सायकल उभी टांगावी लागते आणि कपाट अरुंद आहे, रुंद हँडल आणि मडगार्ड अडतात. गोरिंगसारख्या छोट्या स्टेशनांवर थांबणाऱ्या लोकल गाड्यांत आरक्षण लागत नाही, पण कामाच्या दिवशी गर्दीच्या वेळी सायकल घेत नाहीत. परतीची वेळ संध्याकाळच्या गर्दीत येणार नाही असं बघा.

घरी आल्यावर

सायकलला लागलेला खडू वाळू देऊ नका. वाळला की चुन्यासारखा धरतो. साध्या पाण्याने, जोराचा फवारा बेअरिंगवर न मारता धुवा, चेन पुसून ओल्या हवेचं तेल लावा, आणि टायरमध्ये अडकलेले गारगोटीचे तुकडे टोकदार काडीने काढा. आज न काढलेला तुकडा पुढच्या राइडला आत शिरतो.

मार्च ते ऑक्टोबरमध्ये गवतातून किंवा जंगलातून आला असाल तर अंघोळीआधी गोचीड बघा: गुडघ्यामागे, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली, मुलांच्या केसांत. इथल्या काही गोचिडांतून लाइम रोग होतो, न्यू फॉरेस्ट त्यासाठी ओळखलं जातं. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या आकड्याने ती कातडीलगत पकडून काढा. तेल लावणं, चटका देणं असले घरगुती उपाय नकोत. पुढच्या काही आठवड्यांत चावल्याच्या जागेभोवती पसरत जाणारं लाल वर्तुळ दिसलं किंवा फ्लूसारखा ताप आला, तर जीपीला, म्हणजे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरला, फोन करा आणि गोचीड चावल्याचं आधी सांगा.